मध्यंतरानंतरचं ऊन

मी डहाणूच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. सूर्य पश्चिमेला मावळतो आणि हिवाळ्यात जरा दक्षिणेकडे सरकून मावळतो, हे मुलांना सांगण्याचा मला गेली कित्येक वर्षं पगार मिळतो. तरीही त्या दिवशी तलासरीच्या मैदानावर सूर्य कुठे आहे याकडे माझं लक्ष गेलं ते आमच्या मुलींच्या डोळ्यांत तो पुरता घुसल्यावर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

बास्केटबॉलशी माझा संबंध पर्सपुरता. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की बरोबर एक बाई हवी असा नियम आहे आणि ती बाई म्हणजे मी. कागदोपत्री मला ‘मॅनेजर’ म्हणतात. मॅनेजरने मुलींचे फोन आणि कानातले पर्समध्ये सांभाळायचे, ग्लुकोज कालवायचं आणि कोणाचं काही उसवलं तर पिन काढून द्यायची. खेळाचं काय ते आमचे क्रीडाशिक्षक बघतात. पण ऐन आमच्या झोनच्या अंतिम सामन्याच्या दिवशी सरांना निवडणुकीच्या कामाच्या ट्रेनिंगला बोलावलं. त्याला नाही म्हणायची सोय नसते, आणि तिथे फोनही बंद ठेवायला लावतात. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही फक्त बसा. मुलींना सगळं माहीत आहे.” एवढं मला जमण्यासारखं होतं.

आमची कॅप्टन रानशेतच्या एका पाड्यावरची. शेवटच्या वर्षाला, माझ्याच वर्गात. अंगाने काटकुळी, उंचीने बेताची, पण चेंडू हातात आला की तो तिच्याकडून काढून घ्यायला दोघी-तिघी लागायच्या. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. घरात ती आणि वडील. वडील चिकूच्या वाडीत रोजाने काम करतात. त्यांनी तिचा खेळ कधीच बघितला नव्हता. विरोध मुळीच नव्हता. मॅच म्हणजे परीक्षेसारखं काहीतरी, तिथे आईबापाने जायचं नसतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. या वेळी तिनेच हट्ट करून त्यांना आणलं होतं. त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री केलेला होता आणि इस्त्री तिने केलेली होती हे कॉलरवरून कळत होतं.

तलासरीच्या कॉलेजचं कोर्ट हायवेपासून आत, सिमेंटचं, पूर्व-पश्चिम आखलेलं. ज्याने ते तसं आखलं त्याच्याबद्दल मी नंतर बरंच बोलले आहे, इथे लिहीत नाही. एका कडेला शिरीषाचं मोठं झाड होतं. नाणेफेकीची वेळ आली तर तलासरीची कॅप्टन नाणं उडवूच देईना. “तुम्ही पाहुण्या आहात. बाजू तुम्ही घ्या,” ती म्हणाली. पंचांनीही मान डोलावली. आपल्याकडे पाहुण्याला आधी विचारायचं असतं, मग पंगत असो की मैदान. आमच्या मुलीने झाडाखालचं बाकडं मागितलं, म्हणजे पश्चिमेकडची बाजू. पाण्याचे जार सावलीत राहावेत म्हणून मागितलं असेल असं मला वाटलं. नंतर ती म्हणाली, “नायतर बाबा उन्हात बसला असता ना, मॅडम.”

बाकडं पश्चिमेला, तेव्हा पहिल्या अर्ध्या खेळात पूर्वेच्या रिंगमध्ये चेंडू टाकायचा, ऊन पाठीवर घेऊन. मध्यंतरानंतर बाजू बदलतात. तोवर ऊन कुठे आलेलं असेल हे तलासरीच्या मुलींना रोजच्या सरावाने ठाऊक होतं की नव्हतं, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून वाद चालतो. माझं मत विचाराल तर मुली सभ्य होत्या. त्यांच्या सरांबद्दल मी खात्री देत नाही.

पहिला अर्धा खेळ आमच्या मुली अशा खेळल्या की मलासुद्धा बास्केटबॉल समजतो असं वाटू लागलं. चेंडू या हातातून त्या हातात, तिथून रिंगमध्ये. कॅप्टनचे वडील माझ्या शेजारी बाकाच्या टोकाला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. बास्केट झाली की ते टाळी वाजवायच्या आधी आजूबाजूला बघायचे, हे चांगलं झालं का वाईट याची खात्री करून घ्यायचे आणि मग हलकेच हसायचे. मुलगी एकदा सिमेंटवर घसरून पडली तेव्हा ते अर्धे उठले. ती उठली, तेव्हा बसले. मध्यंतराला फळ्यावर अडतीस-सोळा होतं. बावीस गुणांची आघाडी. तलासरीच्या मुली माना खाली घालून संत्री सोलत होत्या.

मी स्टाफच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “जिंकल्यातच जमा.” लगेच अंगठे आले. मुली घोळक्याने बसून पुढच्या फेरीला जाताना कोणाकडची मोठी बॅग घ्यायची ते ठरवत होत्या. ग्लुकोजचे ग्लास भरण्याच्या नादात बाकाच्या टोकाला कोण आहे, कोण नाही, हे मी बघितलं नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि काहीतरी बिनसलं. काय ते पहिली काही मिनिटं मला कळेना. आमच्या मुली पश्चिमेकडे धावत जायच्या, चेंडू वर उचलायच्या आणि तोंड वेडंवाकडं करायच्या. चेंडू कधी बोर्डाच्या कडेला लागायचा, कधी सरळ मागच्या गवतात जायचा. एकीने तर हातात अलगद आलेला पास छातीवर घेतला. तलासरीच्या मुली तो उचलून दुसऱ्या टोकाला न्यायच्या, ऊन पाठीवर घेऊन आरामात टाकायच्या. मी ओरडले, “अगं, बघून टाका.” तेवढ्यात मी स्वतः रिंगकडे बघितलं आणि डोळे मिटले. सूर्य नेमका बोर्डाच्या वरच्या कडेला येऊन बसला होता.

आघाडी बावीसवरून तेरावर आली. बदली मुलींपैकी एकीने माझा दंड हलवला. “मॅडम, टाइमआउट मागा ना.” तो कसा मागतात हे मला ठाऊक नव्हतं. तिने दोन्ही हातांनी खूण करून दाखवली, मी ती टेबलाकडे करून दाखवली, शिट्टी वाजली आणि बारा मुली माझ्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. घामेजलेल्या, लाल डोळ्यांच्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वर्गात मी तास संपेपर्यंत न अडखळता बोलते. इथे एक मिनिट होतं आणि माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं.

“पाणी प्या,” मी म्हटलं.

“मॅडम, रिंग दिसतच नाय,” एक जण म्हणाली.

कॅप्टन पाणी पीत नव्हती. ती बाकाच्या टोकाकडे बघत होती. “बाबा कुठंय?”

“काका मघाशीच गेले,” बदली मुलगी म्हणाली. “आपण खाली बसलो होतो तेव्हा. मी विचारलं, तर बोलले, पोरी पुढं आहेत, मी निघतो. तलासरी-डहाणू गाडी होती ना.”

कॅप्टन हायवेच्या दिशेला वळून बघू लागली. “त्याला वाटलं, संपली,” ती म्हणाली. “आता पाड्यात सांगेल सगळ्यांना. जिंकली म्हणून सांगेल.”

“मग फोन कर ना,” मी म्हटलं. एक मिनिटात जे सुचलं ते हे.

“फोन तुमच्या पर्समध्ये आहे, मॅडम. आमच्या घरात तो एकच आहे.”

तिला एवढं घाबरण्याचं कारण काय, ते मला परतताना जीपमध्ये नीट कळलं. त्यांच्या पाड्यावर एक गृहस्थ आहेत. ग्रामपंचायतीच्या मतमोजणीच्या दिवशी अर्धी मतं मोजून झाली तेव्हा ते पुढे होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांनी तिथूनच गुलाल आणला, ताशा बोलावला, पाड्यात नाचून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत पडले. त्या दिवसापासून सगळा पाडा त्यांना ‘मेंबर’ म्हणतो. लहान पोरंही म्हणतात. ‘मेंबर, बैल आवरा’, ‘मेंबर, चुना आहे का’. त्यात आता कोणाचा वाईट हेतूही उरलेला नाही, तेच त्यांचं नाव झालंय. आपल्या बापाला उद्यापासून असं एखादं नाव चिकटणार आणि ते मरेपर्यंत निघणार नाही, हे त्या मुलीला त्या एका मिनिटात दिसलं होतं. पुढच्या फेरीचं, कपाचं तिला आता काही पडलेलं नव्हतं. तिचा बाप खोटा पडता कामा नये, एवढंच होतं.

शिट्टी वाजायला आली तेव्हा मला सिमेंटवर बोर्डाची सावली दिसली. चौकोनी, आमच्या फ्री थ्रोच्या रेषेजवळ पडलेली. निदान हा विषय माझा होता. “त्या सावलीत उभं राहून मारा,” मी म्हटलं. “तिथे बोर्डच सूर्याला झाकतो.” मुली माझ्याकडे अविश्वासाने बघत गेल्या. पण कॅप्टन सावलीत जाऊन थांबली, वर बघितलं, टाकला, पडला. पुन्हा एकदा पडला. बदली मुलगी माझ्या गळ्यात पडली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या भूगोलाला अशी दाद कोणी दिली नव्हती.

ते सुख फार टिकलं नाही. सूर्य खाली उतरतो तशी सावली लांब जाते. हेही मीच शिकवते. तिसरा क्वार्टर संपेपर्यंत तो चौकोन रेषेच्या मागे गेला, मग आणखी मागे, आमच्या मुलींचे हात पोचणार नाहीत इतका. त्या बिचाऱ्या सावली शोधत मागे मागे सरकत होत्या आणि रिंग त्यांच्यापासून लांब लांब जात होती. मी दिलेल्या सल्ल्यानेच त्या आता चुकत होत्या. “सोडा ती सावली,” मी ओरडले, पण तोवर गर्दी एवढी ओरडत होती की माझं मलाही ऐकू आलं नाही.

चौथ्या क्वार्टरबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण बराच वेळ मी पर्सकडे बघत होते. आत फोन थरथरत होते. ग्रुपवर विचारत होते, कितीने जिंकलो? कडेला उभे असलेले आमचे दोन-तीन पालक उंटावरून शेळ्या हाकत होते. पुढे पळ, मागे ये, पास दे, पास नको देऊ. मी त्यांना गप्प बसवलं आणि स्वतः देव पाण्यात घालून बसले. आमचे गुण सत्तेचाळीसवर येऊन अडकले. त्यांचे चाळीस झाले, बेचाळीस झाले, मग कधी सेहेचाळीस झाले कळलंच नाही. आमची कॅप्टन डोळ्यांवर हात धरून धावत होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांतून रक्त येत होतं आणि ती बाकाकडे बघतही नव्हती. तिला बाहेर काढावं की आत ठेवावं? सर असते तर त्यांनी काय केलं असतं? मला खरंच ठाऊक नव्हतं. असं हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही. घरी दूध उतू जाताना दिसलं तरी मी दुसऱ्या खोलीतून ओरडते. इथे डोळ्यांदेखत सगळं उतू चाललं होतं आणि गॅस कुठे असतो हेच मला माहीत नव्हतं.

शेवटी चेंडू त्यांच्याकडे होता. त्यांच्या कॅप्टनने, त्याच सभ्य मुलीने, ऊन पाठीवर घेऊन, मोकळ्यात उभं राहून तो टाकला. चेंडू रिंगच्या कडेवर बसला, कडेकडेने फिरला आणि बाहेरच्या बाजूने खाली पडला. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. त्या एकाने कमी पडल्या.

आमच्या मुली नाचल्या नाहीत. जिथे होत्या तिथेच सिमेंटवर बसल्या. तलासरीची कॅप्टन रडत रडत सगळ्यांशी हात मिळवून गेली. आमची कॅप्टन कप घ्यायला गेली ती लंगडतच, आणि फोटो काढून व्हायच्या आत माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, लवकर निघूया.”

जीपमध्ये तिने मला मेंबरची गोष्ट सांगितली ती हसत हसत. आता हसायला हरकत नव्हती. बाबाने पाड्यात सांगितलेलं खरंच ठरलं होतं. चारोटीवरून वळून आम्ही डहाणूच्या रस्त्याला लागलो. अंधारायला आलं होतं. रानशेतच्या फाट्यावर ती उतरणार होती. जीप थांबली तर तिथल्या मोरीच्या कठड्यावर तिचे वडील बसलेले. पांढरा शर्ट दुरूनच दिसला.

ती उतरली. तिच्या गुडघ्यांना काही लावायचं होतं म्हणून मीही उतरले.

“जिंकलो,” ती म्हणाली.

“कितीनं?”

“एका गुणानं.”

त्यांनी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. “बरा झाला, मी उठलो,” ते म्हणाले.

“पाड्यात कोणाकोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाय. मी घरी गेलोच नाय. अजून अर्धा खेळ बाकी होता ना.”

“तुला माहीत होतं? मग गेलास कशाला?”

“चांगला चालला होता,” ते म्हणाले.

हे काही उत्तर झालं नाही, हे त्यांनाही कळलं असावं. ते रस्त्याकडे बघत होते. पुढचं बोलले ते आवाज न चढवता, रोजचं काहीतरी सांगावं तसे. “तुझ्या आयला दवाखान्यात त्या दिवशी चांगला वाटत होता. पेज मागून प्याली. सगळे बोलले, आता घरी जा, झोप काढ. मी नाय गेलो. बसून राहिलो, बघत.”

जीपवाल्याने हॉर्न वाजवला. मला त्याचा राग आला, निवडणुकीचा आला, त्या कोर्टाचा आला, सगळ्या जगाचा आला. एका माणसाने आपल्या मुलीचं चांगलं चाललेलं बघितलं आणि ते टिकावं म्हणून तिथून उठून आला. त्यावर मी कोण काय सांगणार? हातातला कापूस तसाच राहिला.

मुलीने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली. “पुढच्या मॅचला बसायचं,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत. हरलो तरी.”

“बघू,” ते म्हणाले.

पुढची फेरी वसईकडे होती. बंद हॉल, लाकडी कोर्ट, वर दिवे. उन्हाचं निमित्त सांगायची सोयच नव्हती. सर आले होते, त्यामुळे मी पुन्हा पर्सपुरती उरले होते. समोरच्या मुली आमच्या मुलींपेक्षा वीतभर उंच होत्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच काय होणार ते दिसलं. मध्यंतरालाच आम्ही एवढे मागे होतो की सरांनीही फळ्याकडे बघणं सोडून दिलं. आमच्याबरोबर आलेले एक-दोन पालक चहाच्या निमित्ताने बाहेर गेले ते परत आले नाहीत.

कॅप्टनचे वडील माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. तोच शर्ट, हात तसेच गुडघ्यांत दाबलेले. मध्यंतराला मी म्हटलं, “चला, चहा घेऊ.” त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या मुलीच्या हातून चेंडू सुटत राहिला, तिला कोणीही ढकलून पुढे जात राहिलं, आणि ते एकदाही उठले नाहीत. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. एकदोनदा तेच उठून गेले तर बरं, असं मलाच वाटलं.

शेवटची शिट्टी झाली. दोन्ही संघ एकमेकींचे हात हातात घेत होते. लोक उठून दाराकडे निघाले. ते बसलेलेच.

“बाई, झाली का?” त्यांनी विचारलं.

“झाली.”

“आता उठलो तर चालंल?”

मी हो म्हटलं. ते उठले आणि सरळ कोर्टावरून मुलीकडे चालू लागले, पायांत चपला तशाच. “ओ काका, लाकडी फ्लोअर आहे, चपला काढा,” असं पलीकडून आयोजकांपैकी कोणीतरी ओरडलं. मी त्या माणसाला खाली बसायला सांगितलं.